आजीची जोंधळी पोत आणि साठ वर्षांच्या शिव्या

आमच्या घरात एका सोनाराला साठ वर्षं शिव्या पडत आल्या आहेत. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तो आता हयातही नसेल. आजीच्या लग्नात, १९६४ च्या वैशाखात, त्यानं तिची जोंधळी पोत घडवली. जोंधळ्याच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी, पटवेकऱ्याकडून ओवून घेतलेले. वजन दोन तोळे. पुढं एकदा घरात अडचण आली तेव्हा आजोबा ती मोडायला घेऊन गेले. दुसऱ्या सराफानं कसाला लावली, मान हलवली आणि म्हणाला, "ह्यात तांबं लई हाय." आजोबा पोत तशीच परत घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडं दुधात पाणी निघालं, की ‘त्या सोनाराचा भाऊ दिसतोय’ असं म्हणायची पद्धत पडली.

मागच्या महिन्यात आजीनं ती पोत पुन्हा बाहेर काढली. नातीच्या लग्नात तिला तेच सोनं घालून काहीतरी करायचं होतं. आम्ही सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर गेलो. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं, गिऱ्हाईक कमी. दुकानातल्या वयस्कर सराफांनी दोरा काढून मणी तोलले, मग एका डब्यासारख्या मशीनमध्ये ठेवले. मिनिटभरात आकडे आले. सोनं ५८.४ टक्के, बाकी तांबं आणि थोडी चांदी.

"बघा," आजी माझ्याकडं वळून म्हणाली. इतक्या वर्षांनी निकाल लागल्यासारखी.

सराफांनी चष्मा वर केला. "आजी, लग्न कवा झालं म्हणलात?"

"चौसष्टला."

"मग बरोबर हाय की!"

हे ‘बरोबर हाय’ मला तिथं कळलं नाही. सराफांनी थोडं सांगितलं, बाकी मी घरी येऊन शोधलं, आणि बघता बघता त्या दोन तोळ्यांच्या मागं अडीच हजार वर्षांचा पसारा निघाला. तो जमेल तसा इथं मांडते. आजीचा सोनार शेवटी येईल.

आधी कॅरेटचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. अगदी शुद्ध सोनं, ज्याला आपण चोख म्हणतो, ते मऊ असतं. त्याची बांगडी केली तर कपडे धुतानाच वाकेल. म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. एकूण धातूचे २४ भाग धरायचे आणि त्यातले किती भाग सोनं, ते कॅरेट. २४ पैकी २२ म्हणजे ९१.६ टक्के. दुकानांच्या पाट्यांवर जे ‘९१६’ लिहितात ते हेच. १८ म्हणजे ७५ टक्के, १४ म्हणजे ५८ टक्क्यांच्या वर थोडं.

पण २४च का? शंभर का नाहीत? याचं उत्तर रोममध्ये सापडतं. सम्राट कॉन्स्टंटाईननं चौथ्या शतकात सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं काढलं. त्याचं वजन कॅरोब नावाच्या झाडाच्या २४ बियांइतकं धरलं जायचं. ग्रीक लोक त्या बीला केरातिऑन म्हणत, त्याचंच पुढं कॅरेट झालं. नाण्यात एक बीभर सोनं कमी असेल तर ते तेवीस बियांचं. हिऱ्याचा कॅरेट त्याच बीवरून आला, पण तो वजनाचा, म्हणजे ०.२ ग्रॅम. दोन्हींची गल्लत करू नये.

रोमची बी ऐकून हसू येत असेल तर आपली गुंज आठवा. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्या हिशोबानं गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास पडते. जगभर लोकांनी सोनं बियांनीच तोललं, कारण खेड्यापाड्यात फुकट मिळणारं आणि बऱ्यापैकी एकसारखं वजन दुसरं कुठलं होतं?

आमच्या पोतीचा हिशोब आता सोपा आहे. वजन २३.३ ग्रॅम. बावीस कॅरेटची असती तर तिच्यात सुमारे २१.३ ग्रॅम चोख सोनं निघालं असतं. निघतंय १३.६. पावणेआठ ग्रॅमचा खड्डा. आजीचा राग अगदीच हवेतला नव्हता.

आता प्रश्न असा, की मशीन नव्हतं तेव्हा हे कळायचं कसं? आजोबांच्या त्या सराफानं नुसतं बघून ‘तांबं लई हाय’ म्हटलं नव्हतं. त्यानं कसोटी वापरली होती. कसोटी म्हणजे काळा, बारीक पोताचा गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासला की सोन्याची रेघ उमटते. तिच्या शेजारी ठाऊक कसाच्या सुयांनी रेघा ओढायच्या आणि रंग ताडून बघायचा. तांबं जास्त तर रेघ लालसर, चांदी जास्त तर फिकी. मग वरून तेजाबाचा थेंब. हलकं सोनं असेल तर रेघ उडते, चोखाची रेघ राहते. ‘कसाला लागणं’, ‘कसोटीला उतरणं’, ‘बावनकशी’ हे सगळं त्या एका दगडावरून आपल्या बोलण्यात आलं. क्रिकेटचा पाच दिवसांचा सामना ‘कसोटी’ होतो तेव्हा सोनाराचा दगड कुणाच्या डोक्यातही नसतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या दगडावर मजकूर आहे. कलिंगातला किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा दगड कसोटीला उत्तम, असं तो सांगतो. तापी म्हणजे आपल्या खानदेशातली. सोन्याचे सोळा कस तो धरतो आणि शेवटचा सोळावा कस म्हणजे शुद्ध. पण खरी मजा पुढं आहे. सोनार सोनं कसं मारतात याचे पाच प्रकार त्यानं नावानिशी दिलेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. तुलाविषम म्हणजे खोटा काटा. अपसारण आणि विस्रावण हे हातचलाखीनं सोनं काढून घेण्याचे प्रकार. पेटक म्हणजे आत शिसं आणि वरून सोन्याचा पत्रा. गंमत बघा, सराफांच्या मशीनला आजही हाच पेटक चकवू शकतो. ते क्ष-किरणांवर चालतं. किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या खुणेचे किरण परत फेकतो, मशीन ते ओळखून टक्के सांगतं. पण ते बोलतं फक्त वरच्या थराबद्दल, मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जाडीबद्दल. आत काय आहे हे त्याला ठाऊक नाही. म्हणून शेवटचा शब्द अजूनही आगीचाच असतो. त्याच्याकडं नंतर येते.

दागिना प्रत्येक वेळी घासायचा, तोलायचा, तेजाब लावायचं, हे बाजारात दर सौद्याला कोण करणार? त्यातून नाणं जन्माला आलं. नाणं म्हणजे दुसरं काय, ठरलेल्या वजनाचा धातूचा तुकडा आणि त्यावर कुणीतरी दिलेला शब्द: हे तपासलंय, घे. आजच्या तुर्कस्तानात लिडिया नावाचं राज्य होतं, तिथं इसवी सनापूर्वी सातव्या शतकात सोनं-चांदीच्या नैसर्गिक मिश्रणाची नाणी निघाली. पण त्या मिश्रणात सोनं किती हे दर नाण्याला बदलायचं. सहाव्या शतकातल्या क्रीसस राजाच्या काळात तिथल्या कारागिरांनी मीठ घालून तापवण्याची युक्ती वापरून सोनं आणि चांदी वेगळी केली, आणि मग शुद्ध सोन्याची वेगळी, शुद्ध चांदीची वेगळी नाणी पाडली. राजधानी सार्डिसच्या उत्खननात ती भट्टी मिळाली आहे.

आपल्याकडची सगळ्यात जुनी नाणी चांदीची आहत नाणी. राजाचं चित्र नाही, नाव नाही, नुसत्या तुकड्यावर ठोकलेल्या खुणा: सूर्य, झाड, डोंगर, हत्ती. यातल्या कार्षापण नावाच्या नाण्याचं वजन ३२ गुंजांचं. एखाद्या नाण्यावर पुढच्या सराफांनी आपल्याही बारीक खुणा ठोकलेल्या दिसतात. म्हणजे ‘मीही तपासलं’ अशी सही.

या खुणेवरच्या खुणेचा मोठा नमुना महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी इथं १९०६ मध्ये १३,००० हून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनं त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर आपला ठसा उमटवला. वितळवून नवी पाडत बसला नाही. चांदी शत्रूची असली तरी तिच्यात खोट नव्हती, मालक तेवढा बदलायचा होता.

आपल्या शेजारचं तेर घ्या. गोरोबाकाकांचं तेर. सातवाहन काळात हे तगर नावाचं व्यापारी शहर होतं, ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे, आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा तिथं मिळाल्या आहेत. रोमचं सोनं भारतात इतकं यायचं, की पहिल्या शतकातला लेखक प्लिनी वैतागून लिहितो, हिंदुस्थान दरसाल आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (ही रोमची नाणी) ओढून घेतो. परदेशातून सोनं आणून कपाटात ठेवायचं आणि कुणीतरी त्यावर चिडायचं, हे तेव्हापासून चालू आहे. तेरचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. नाणंही तसंच दगडावर वाजवून घेत. चांदीचं असेल तर खणखणीत आवाज, शिशाचं असेल तर बद्द. परीक्षेची रीत तीच.

ठशावरचा विश्वास ताणला तर तुटतो, हे देवगिरीला राजधानी नेणाऱ्या सुलतानाच्या काळातच कळलं. मुहम्मद तुघलकानं १३३० च्या सुमाराला पितळ-तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावानं घ्या असा हुकूम केला. कल्पना काळाच्या फार पुढची, आपल्या खिशातली नोट याच तत्त्वावर चालते. पण तांब्यावर तसाच ठसा मारणं कुणालाही जमण्यासारखं होतं. घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी खरी-खोटी सगळी नाणी परत घेऊन चांदी मोजायची पाळी सुलतानावर आली.

आता सराफ. हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ दागिने विकणारा असा नाहीच. सर्राफ म्हणजे नाणी बदलून देणारा. सोनार घडवतो, सराफ पारखतो. म्हणजे सराफ कट्टा हे नाव मुळात पैसे बदलायच्या जागेचं. आणि पैसे बदलायची गरज आपल्या भागाला जितकी पडली तितकी कुणाला पडली असेल?

विचार करा. सोलापूर बहमनींचं, मग निजामशाही आणि आदिलशाहीच्या भांडणातलं. चांदबिबीच्या लग्नात किल्ला आंदण गेला. औरंगजेबाच्या काळात तर सोलापूरच्या टांकसाळीचं नाव कोरलेले चांदीचे रुपयेही निघाले. त्याच काळात बाजारात विजयनगरच्या वळणाचे होन चालायचे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाला स्वतःचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. पेशवाईत तर रुपयांची जत्राच भरली: अंकुशी, चांदवडी, आणखी गावोगावचे कितीतरी. प्रत्येकात चांदी वेगळी, झीज वेगळी. मग सराफ नाणं बघून त्यातून काही कापून घेई, तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो ते इथून आलं. आणि सरकारी खजिन्यात भरणा होताना नाणी पारखणारा तो पोतदार. तुमच्या ओळखीत पोतदार असतील, टंकसाळे असतील, तर त्यांच्या पूर्वजांचं हॉलमार्क सेंटर होतं असं समजा.

इंग्रजांनी १८३५ मध्ये हा बाजार एका रुपयावर आणला: एक तोळा वजन, बारापैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, गोल गरगरीत. कडेला बारीक रेघा असल्यामुळं कड तासून चांदी चोरली तर लगेच दिसायची. यंत्र म्हणजे कळ, म्हणून तो कलदार. पण सोलापुरातून उत्तरेला किंवा पूर्वेला काही कोस गेलं की निजामाची हद्द लागायची. तुळजापूर, नळदुर्ग तिकडं. तिथं चालायचा हाली सिक्का. आजीचे वडील कापडाचा छोटा धंदा करायचे आणि तुळजापूर, नळदुर्गच्या बाजाराला जायचे. आजी सांगते, त्यांच्या वहीत दोन रकाने असायचे, एक हालीचा, एक कलदारचा. सात हाली बरोबर सहा कलदार, हा हिशोब त्यांना झोपेतून उठवलं तरी यायचा.

हा सात-सहाचा भाव मला आधी कुणाच्यातरी लहरीचा वाटला होता. मग मी वजनं मांडून बघितली. निजामाचा रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे साधारण ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.६ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. ९.१४ ला सातानं गुणा, ६४ येतात. १०.६९ ला सहानं गुणा, ६४ च येतात. पणजोबांच्या वहीतला भाव दोन राजवटींच्या तहातून नव्हे, चांदीच्या वजनातून आला होता. मला स्वतःला या सगळ्या शोधात सर्वात जास्त आनंद या गुणाकारानं दिला.

हा हिशोब पुढं कागदावरच उरला. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली, १९४० मध्ये कलदारची चांदी निम्म्यावर आणली, आणि युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. त्या दिवसापासून आपल्या हातातलं नाणं म्हणजे नुसता ठसा. आत काय आहे हे विचारायचं कारणच उरलं नाही. ते विचारायची जागा मग एकच राहिली, ती म्हणजे दागिना.

तसं नाणं आणि दागिना यांच्यात आपण फार भिंत कधी ठेवली नाही. पुतळ्यांची माळ बघा. ती पुतळी म्हणजे मूळचं व्हेनिसचं डुकाट. १२८४ पासून निघालेलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ चोख सोनं. त्यावर तिथला राजप्रमुख संतापुढं गुडघे टेकून बसलेला. आपल्या लोकांना त्या दोन बाहुल्या दिसल्या, म्हणून पुतळी. कस चांगला म्हणून व्यापाऱ्यांनी घेतली, रूप चांगलं म्हणून बायकांनी गळ्यात घातली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत लग्नाला कासुलपेरू असतो, तीही नाण्यांचीच माळ. नाणं गळ्यात असलं की त्याच्यावरचा ठसाच पावती.

दागिन्यावर स्वतंत्र ठसा मारायची पद्धत मात्र युरोपातली. इंग्लंडमध्ये १३०० साली कायदा झाला: चांदीचा माल ९२.५ टक्क्यांच्या खाली नको, आणि सोनारांच्या संघाचे पंच दुकानोदुकानी फिरून तपासतील, उतरला तर त्यावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारतील. १३६३ मध्ये घडवणाऱ्याची स्वतःची खूणही सक्तीची झाली. तरी तक्रारी थांबेनात. शेवटी १४७८ मध्ये ठरलं, की पंचांनी दारोदार फिरायचं नाही, सोनारांनीच माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणायचा. हॉलमध्ये मारलेला मार्क, म्हणून हॉलमार्क. इतका साधा शब्द आहे तो. तेव्हाच आणखी एक अक्षर ठोकायला सुरुवात झाली, दरवर्षी नवं. गिऱ्हाईकाला साल कळावं म्हणून नव्हे. पुढं मालात खोट निघाली तर त्या वर्षी तपासनीस कोण होता हे कळावं आणि त्याला धरता यावं म्हणून. मला वाटतं हॉलमार्कचं सगळं शहाणपण त्या एका अक्षरात आहे. कसोटी सोनाराची होते ती ठीकच, पण कसोटीवाल्याचीही व्हायला हवी.

आपल्याकडं भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, सोन्याला हॉलमार्क देऊ लागलं ते २००० मध्ये, चांदीला २००५ मध्ये. पण ते ऐच्छिक होतं. सोन्याची सक्ती २३ जून २०२१ ला आली, तीही आधी २५६ जिल्ह्यांपुरती. त्याच वर्षी जुलैत प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक द्यायला सुरुवात झाली, त्याला एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून, सक्ती असलेल्या जिल्ह्यांत, तो क्रमांक नसलेला नवा दागिना दुकानदाराला विकता येत नाही.

म्हणजे आज तुम्ही बांगडी घेतलीत तर आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि तो सहा अक्षरी क्रमांक. लेसरनं कोरलेल्या असतात, बारीक असतात, दुकानातलं भिंग मागून बघायचं, लाजायचं नाही. फोनवर ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप घेऊन त्यात क्रमांक टाकला की वस्तू कोणती, शुद्धता किती, कुठल्या केंद्रात कधी तपासली, कुठल्या नोंदणीकृत सराफाची, हे दिसतं. हातात अंगठी आणि फोनवर ‘नेकलेस’ दिसलं तर उठून यायचं. ते लंडनचं सालाचं अक्षर आणि हा क्रमांक यांचं काम एकच आहे.

केंद्रात मशीन असतंच, पण खरी परीक्षा मुशीत होते. दागिन्यातून चिमूटभर धातू खरवडून तोलतात. त्यात ठरलेली चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेपासून केलेल्या किंवा तशाच सच्छिद्र वाटीत ठेवून हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं वितळून हवेतला प्राणवायू घेतं आणि तांब्यासारखे हलके धातू सोबत घेऊन वाटीत जिरतं. वाटी तेल प्यायल्यासारखी सगळं पिऊन टाकते, वर उरतो सोनं-चांदीचा चमकता मणी. तो चपटा करून, लाटून, गुंडाळी करून नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते. राहतं ते फक्त सोनं. पुन्हा तोलायचं. आधीचं वजन आणि आत्ताचं, यातला फरक म्हणजे भेसळ. शेकडो वर्षं जुनी रीत आहे ही, आणि कुठल्याही क्ष-किरणाला अजून तिच्यापुढं बोलता येत नाही.

दोन-तीन गैरसमज इथंच काढून टाकते. हॉलमार्क शुद्धता सांगतो, भाव नाही, घडणावळ नाही. घडणावळीची घासाघीस तुमची तुम्ही करायची. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू, कुंदन, पोलकी, जडाव यांना सक्ती नाही. आणि ‘केडीएम’ हा शुद्धतेचा शिक्का नव्हेच. दागिन्याचे जोड पूर्वी तांबं घातलेल्या हलक्या सोन्यानं सांधायचे, त्याला डाक म्हणतात. डाक जास्त झाला की मोडताना घट यायची. कॅडमियम घालून डाक केला की कॅडमियम उडून जातं आणि कस टिकतो, म्हणून केडीएम. पण त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाते. आपल्या बांगडीचा कस त्याच्या छातीवर नको.

हॉलमार्क असूनही सोनं कमी निघालं तर? नियम असा, की जेवढं कमी भरलं त्या फरकाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाईकाला मिळतो. त्यासाठी पक्की पावती लागते. पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहिलेला हवा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आठवते ना? दुष्काळात सरकारी कोठार लुटवलं म्हणून पंत अडकले, तेव्हा विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात मोहरा मोजून आला. पण तो नुसते पैसे देऊन परतला नाही. बादशहाकडून पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत ठेवली. देवालाही पावतीशिवाय भागलं नाही, आणि आपण ‘जीएसटी नको, कच्चं करा’ म्हणतो.

तर आता चौसष्टचा सोनार.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. परकीय चलनाची तंगी होती, सोन्याची तस्करी जोरात होती. तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं. त्यातली एक अट अशी, की यापुढं चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. लोकांना सोन्याचा मोह कमी व्हावा हा हेतू. मोह काही कमी झाला नाही, मेले ते कारागीर. चौदा कॅरेटचं सोनं कडक, लालसर, पिढ्यान्‌पिढ्या मऊ सोन्यावर बसलेला हात त्याच्यावर चालेना. गिऱ्हाईक तोंड फिरवायला लागलं. ठिकठिकाणच्या सोनारांच्या बागेसऱ्या, म्हणजे शेगड्या, विझल्या, कित्येकांनी दुसरे धंदे धरले. सराफ सांगत होते, त्यांच्या वडिलांनी त्या काळात दोन कारागिरांना शेतावर कामाला लावलं. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. पुढं १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला तो मात्र १९९० पर्यंत टिकला.

आजीची पोत १९६४ ची. ५८.४ टक्के म्हणजे चौदा कॅरेट, बरोबर कायद्यात बसणारी. त्या वेळी बऱ्याच जणांनी चोरून बावीसचं घडवून दिलं म्हणतात. आमच्या सोनारानं नाही दिलं. पण यातून तो सुटतो असंही नाही. त्यानं चौदाचं सांगून चौदाचे पैसे घेतले, की चौदाचं देऊन बावीसचे? मण्यांवर शिक्का नाही. मशीन टक्के सांगतं, व्यवहार सांगत नाही.

आजीनं सराफांना हेच विचारलं. "म्हणजे फसवलं का नाही, ते सांगा."

"आजी, ते पावती असती तर सांगितलं असतं बघा."

आजी गप्प झाली. मणी पुडीत बांधून घेतले, मोडायला दिलेच नाहीत. घरी येताना मधल्या मारुतीपाशी रिक्षा थांबली तेव्हा एकदम म्हणाली, "माझ्या बापानं पावती घेतल्याशिवाय पैसा सोडला नसंल. हाली-कलदारचा हिशोब ठेवणारा माणूस हाय तो."

पणजोबांच्या वह्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. गेले आठ दिवस ती ट्रंक बैठकीत उघडी पडली आहे आणि आजी दुपारी चष्मा लावून एकेक कागद उलगडतीये. आत्तापर्यंत १९५८ पर्यंत पोचली.